हेम्माडग्याच्या पुढे जूनमध्ये दप्तरं घेऊन जाणाऱ्यांसाठी

जूनमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात हेम्माडग्याच्या पुढे सामानाची गाडी नेऊ नका. ड्रायव्हर म्हणाला, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरचा उत्साही मित्र म्हणाला, गावातला दुकानदार म्हणाला, "रस्ता झालाय की आता," तरी नेऊ नका. आतल्या वाड्यांच्या वाटेवर डांबर हेम्माडग्यापर्यंत आहे, तेही खड्ड्यांना जोडणारं. त्यापुढे भीमगडचं जंगल, आणि आम्हाला जायचं होतं ते त्या जंगलातल्या एका गवळीवाड्यावर.

बेळगावात जेजुइटांची, म्हणजे कॅथलिक फादर लोकांच्या एका संघाची, शाळा 1856 पासून आहे, त्यामुळे त्यांचे माजी विद्यार्थी पणजीपासून दुबईपर्यंत सापडतात. अशाच माजी विद्यार्थ्यांच्या आमच्या गटात बेळगाव, पुणे आणि गोवा अशी तिन्हीकडची माणसं आहेत. खानापूर, हल्याळ, मुंडगोड या पट्ट्यात फादर लोक जी वसतिगृहं आणि शाळा चालवतात, तिथे गवळी, सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचे), लमाणी मुलं शिकतात. कर्नाटकात शाळा जूनच्या तोंडावरच उघडतात, महाराष्ट्रासारखी जूनच्या मध्याची वाट बघत नाहीत. म्हणून दरवर्षी त्या सुमाराला वह्या-दप्तरांची मदत जाते. यंदा कोणाच्या तरी डोक्यात आलं की सामान वसतिगृहात टाकून परत फिरायचं नाही, मुलांच्या घरी जाऊन आईबापांच्या हातात द्यायचं. ग्रुपवर मजकूर आला: खानापूरहून तासाभराचा रस्ता, गाडी दारापर्यंत जाते, पाऊस तुरळक. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. ज्याने लिहिलं तो तिकडे डिसेंबरात गेला होता, आणि हे त्याने आम्हाला चिखलात उभं असताना फोनवर सांगितलं असतं, पण फोन लागत नव्हता.

बेळगाव ते खानापूर सव्वीसेक किलोमीटर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खानापूरला गाडी ठरवणं हा पहिला धडा. आमची मोठी गाडी आत जाणार नाही हे तिथे कळलं, म्हणून स्टँडजवळून पिकअप घेतला. बोली 1,800 रुपयांची, जाऊन-येऊन. संध्याकाळी परत आल्यावर गडी म्हणतो 3,500. का? तर वजन जास्त होतं, थांबावं लागलं, आणि "खालून पाटा घासला बगा." पाटा कुठे घासला ते मी विचारलं तर त्याने गाडीच्या पोटाकडे बोट दाखवलं, जिथे सगळंच लाल मातीने लिंपलेलं होतं. शेवटी 2,600 वर मिटलं, तेही पाऊस वाढत होता म्हणून. बोली करताना चार गोष्टी चार माणसांसमोर बोलून घ्या: थांबण्याचे पैसे, सामान उतरवण्याचे पैसे, गाडी अडकली तर कोणाचं नुकसान, आणि रस्ता संपला तर अर्ध्या भाड्यात परत का पूर्ण. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण रस्ता संपतोच.

खानापूर-हेम्माडगा रस्त्यावर मणतुर्ग्याजवळ हलात्रीचा पूल आहे. जोराचा पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद. आम्ही गेलो तेव्हा पाणी पुलाच्या खाली होतं, पण फार खाली नव्हतं. शिरोली सोडली की फोनचा भरवसा नाही, तेव्हा काय कळवायचं ते तिथेच कळवा. हेम्माडग्याच्या पुढे अभयारण्य लागतं. भीमगड 2011 साली अभयारण्य जाहीर झालं, त्यामुळे आत जाण्यासाठी वनखात्याची परवानगी आधीच घ्या. "फादरांचं काम आहे" असं सांगून कोणी सोडत नाही, सोडूही नये.

आता तो टप्पा. वाड्याचं नाव मुद्दाम देत नाही, तिथे उगाच गर्दी नको. गाडी जिथे थांबली तिथून वाडा "जवळच हाय की, हे काय झाडी संपली की" एवढा. झाडी संपत नाही. लाल मातीची चाकोरी, दोन्ही बाजूंनी पाणी वाहून मधे उंचवटा, आणि उतारावर शेवाळलेले दगड. प्रत्येकाच्या खांद्यावर वह्यांचा गठ्ठा. वह्यांचा गठ्ठा भिजला की दुप्पट जड होतो, आणि प्लास्टिकमध्ये बांधला असला तरी तळाकडून भिजतोच. एक ओढा लागतो. गुडघाभर पाणी, पण ओढ असलेलं. पलीकडे जायला दोन ओंडके टाकलेले. गवळ्यांची पोरं त्यावरून डोक्यावर दुधाची किटली घेऊन जातात. आमच्यातला एकजण त्यावर बसून, ढुंगण सरकवत सरकवत गेला आणि मला तीच पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटली. जळवा होत्याच. मीठ-तंबाखूची पुरचुंडी हे जुनं औषध अजून चालतं, पण पायमोजे ओले झाले की तंबाखू वाहून जाते.

चालण्याची सवय असलेल्याला हे अंतर काहीच नाही. प्रश्न वजनाचा आणि वेळेचा आहे. आम्ही दुपारी दोनला निघालो, हा वेडेपणा ठरवणाऱ्याचा. या जंगलात अस्वलं आहेत, माणसावर हल्ले होतात, दांडेलीकडून हत्तीही येतात. वाड्यावरच्या आजीने चहा देताना पहिलं वाक्य म्हटलं, "बसू नगासा, निघा." चहा झकास होता, म्हशीच्या घट्ट दुधाचा. पण तो आम्ही उभ्याने प्यायलो.

आपल्याला हा एका दिवसाचा त्रास. 2024 च्या पावसाळ्यात याच जंगलातल्या आमगावच्या एका आजारी बाईला लोकांनी खांद्यावर घालून मैलोन्‌मैल चालत आणलं होतं, ते सगळ्यांनी वाचलंय. इथल्याच तळेवाडीच्या कुटुंबांना जंगलाबाहेर राहायला जाण्यासाठी सरकारने प्रत्येकी 15 लाखांची भरपाई देऊ केली ती याच परिस्थितीतून. म्हणजे तुम्ही ज्या घरात दप्तर पोचवाल, ते घर पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही. मूल मात्र वसतिगृहातच असेल.

सामानाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. कोल्हापूरच्या मित्राने प्रेमाने बालभारतीची पुस्तकं आणली होती, नवी कोरी. खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांतही पुस्तकं कर्नाटक सरकारची असतात, आणि आमची बरीच मुलं तर कन्नड माध्यमात. गठ्ठा तसाच परत. बूट आणले होते. सरकारी शाळेत बूट-मोजे, गणवेश, पुस्तकं सरकार देतं. आणि ओढ्यातून बूट घालून कोण जाणार? मुलं चप्पल हातात धरून येतात. ज्या वस्तूवर सगळे तुटून पडले ती म्हणजे आमच्यातल्या एका बाईंनी स्वतःसाठी आणलेली बॅटरी. विजेरी द्या, चांगल्या दर्जाची छत्री द्या, घोंगडीवरून घालायचं जाड प्लास्टिक द्या. वह्या वसतिगृहात एप्रिलमध्ये पोचवा, त्याही खानापूरच्या दुकानातून घेतल्या तर आणखी बरं.

वसतिगृहाच्या फादरांनी रात्री सांगितलं ते जास्त उपयोगाचं होतं. त्यांच्याकडे सिद्दी आणि गवळी मुलं एकाच खोलीत राहतात, एकाच शाळेत जातात. सिद्दींना उत्तर कन्नड जिल्ह्यात 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना तो 2020 च्या दुरुस्तीने मिळाला. मधली सतरा वर्षं जिल्ह्याच्या हद्दीच्या अलीकडचा भाऊ आणि पलीकडचा भाऊ कागदावर वेगळे होते. धनगर गवळ्यांची याच दर्जाची मागणी अजून मागणीच आहे. त्यामुळे एकाची शिष्यवृत्ती येते, दुसऱ्याची फी कोणीतरी भरावी लागते. दाखला काढायला बाप मजुरी बुडवून तालुक्याला येतो, एक कागद कमी निघतो, परत जातो. वाड्यावर नेलेल्या सगळ्या दप्तरांच्या खर्चात एक माणूस वर्षभर खानापुरात या कामासाठी ठेवता आला असता. मी हे गटात बोललो तर उत्तर आलं, "पण मग फोटो कसले टाकायचे?" गंमतीने म्हटलं असेल. बॅनरवर मात्र ‘मेन फॉर अदर्स’ (दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं) छापलेलं होतं. 1973 साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेजुइटांचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांसमोर हेच शब्द वापरले तेव्हा सोबत असंही कबूल केलं होतं की न्यायासाठी आम्ही तुम्हाला घडवलं नाही. ते बॅनरवर मावत नाही.

पुढचे मुंडगोडचे दिवस छान गेले. रस्ता चांगला, जेवण चांगलं, जेजुइटांच्या लोयोला विकास केंद्राचं काम बघण्यासारखं. नंदगड-हल्याळमार्गे जा.

पैशांचं थोडं. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी (80जी म्हणून ओळखली जाणारी) असेल तर देणाऱ्याला करसवलत मिळते, पण जुन्या करपद्धतीतच, आणि 2,000 रुपयांच्या वर रोख दिलं तर नाही. वस्तू दिल्या तर मुळीच नाही, दप्तरांची पावती घेऊन काही होत नाही. दुबईतल्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या गोव्याच्या मित्राचं तसं नाही. ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तो परदेशी स्रोत. संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि 2020 च्या कायदादुरुस्तीनंतर ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. कोणाच्या तरी बेळगावच्या खात्यात टाकून "पुढे देतो" हा प्रकार करू नका, त्रास फादरांना होतो.

बसने येणाऱ्या बायकांसाठी: कर्नाटकच्या साध्या बसमध्ये 2023 च्या जूनपासून तिकिटाचे पैसे नाहीत, पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकचा हवा. कोल्हापूर-गोव्याच्या बायका पूर्ण तिकीट काढतात, कंडक्टरशी वाद घालून फायदा नाही.

पुन्हा जायचं तर डिसेंबर-जानेवारी, सकाळी सातला खानापूर सोडून, दुपारी तीनपर्यंत हेम्माडग्यात परत. कोरड्या दिवसांत गोचिडी असतात, शेजारच्या उत्तर कन्नड आणि सिंधुदुर्गात त्यांच्या चाव्याने माकडताप होतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि रात्री अंग तपासा. गाडीत माणसं कमी न्या. नुसतं बघायला येणाऱ्यांना जागा नाही, हे मी आधीच सांगून ठेवलंय. एखादा इलेक्ट्रिशियन, तालुका कचेरीतली भाषा कळणारा कोणी निवृत्त कारकून, आणि दहावीचं गणित कन्नडमधून शिकवू शकणारा माणूस असेल तर त्यांची जागा आधी धरायची.