बाडो इको

बुधवार, रात्री उशिरा

नकाशावरचा एक चौकोन, म्हणजे एक घर, पुसायचा राहिलाय. मुद्दाम ठेवलाय की राहिला, हे ठरत नाही म्हणून लिहायला बसले.

बाकीचे पुसले. इथल्या, नैरोबीतल्या माथारे नदीच्या काठचे सगळे. 2024 च्या मे महिन्यात पूर ओसरतो न ओसरतो तोच तिथे बुलडोझर फिरला. नव्या उपग्रह चित्रात नुसती तांबडी माती दिसते, आमच्या नकाशावर मात्र घरं उभीच. नकाशा खरा हवा, म्हणजे ती काढायलाच हवीत. शोशो (इथे आजीला असं म्हणतात) शेजारी बसली होती. तिने स्क्रीनवर बोट टेकवलं, स्वतःचं पत्र्याचं छप्पर बरोबर ओळखलं आणि म्हणाली, "बाडो इको." अजून आहे. आणि हसली, अगदी मनापासून. डिलीटवरचा माझा हात तिथेच थांबला.

2009 साली नैरोबीच्या किबेरा झोपडवस्तीतली तरुण मुलं जीपीएस घेऊन गल्लोगल्ली फिरली, कारण तेव्हा ऑनलाइन नकाशावर किबेरा म्हणजे एक कोरा डाग होता. दहा लाख माणसं राहतात असं जग म्हणायचं, त्याच वर्षीच्या जनगणनेत निघाली पावणेदोन लाखांच्या आत. नळ कुठे, संडास कुठे, कोणालाच धड माहीत नव्हतं. मी तेव्हा पुण्यात भूगोलात एम.ए. करत होते. ते वाचलं आणि ठरवलं, हेच करायचं. नैरोबीत आल्यापासून प्रत्येक सभेत एकच सांगत आले: नकाशावर या, म्हणजे पाइप टाकणाऱ्याला तुम्ही दिसाल. शोशोलाही हेच सांगून दारात उभं केलं होतं.

ती दिसली. पण कोणाला दिसली?

नकाशावर नदीपासूनचं अंतर दाखवणारा थर मीच बनवला होता. पाणी चढलं तर आधी कोणाला हलवायचं, ते कळावं म्हणून. काठापासून किती मीटर मोकळे ठेवायचे याचे इथल्या वेगवेगळ्या कायद्यांत वेगवेगळे आकडे आहेत. त्या मे महिन्यात सरकारने 30 धरले. माझा थर कोणाकोणाकडे गेला, मी विचारलं नाही. का नाही विचारलं, ते आज नको.

इतकी वर्षं घर सोडून इथे राहिले, बाबांच्या शेवटच्या दिवसांतही इथेच होते, आणि हातात काय उरलं, तर खोडरबर. संध्याकाळी फार रडू आलं.

मग आईचा फोन. सांगलीत दोन दिवस पाऊस लागलाय. "कृष्णामाई वाढतेय गं," म्हणाली, पण आवाजात काळजी नव्हती. 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा खालचा मजला बुडाला होता. आम्ही गाळ काढला, भिंती धुतल्या, पुन्हा राहायला लागलो. आमचं घर पूररेषेच्या आत आहे, निळ्या रेषेच्याही, म्हणजे नदीला लागून जिथे बांधकामाला मनाई असते त्या पट्ट्यात. पण दारात यंत्र आलं नाही. आमच्याकडे सिटी सर्व्हेचा उतारा आहे. शोशोकडे काय, तर महिन्याच्या भाड्याची चिठ्ठी. तीही घरमालक देईल तेव्हा. नदी दोन्हीकडे सारखीच चढते.

आईला यातलं काही सांगितलं नाही. जेवलीस का, एवढंच तिने तीनदा विचारलं.

जेवल्यावर मुकुरूची, नैरोबीतल्याच दुसऱ्या झोपडवस्तीची, फाइल उघडली. 2017 मध्ये तिथे विशेष नियोजन क्षेत्र जाहीर झालं, सुमारे एक लाख कुटुंबांची वस्ती. लोकांनी स्वतः मोजणी केली, गल्लोगल्ली बैठका घेतल्या, आणि कमी घरं पडावीत म्हणून रस्ते नेमाने असतात त्याहून अरुंद आखले. तेही नकाशेच होते. तेही माझंच काम, निदान माझ्या कामासारखंच. हे आठवल्यावर जरा मोकळा श्वास घेता आला. बाडो इको मात्र कानातून जात नाही.

आमचा नकाशा ज्यावर आहे त्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, म्हणजे कोणालाही भर घालता येईल अशा खुल्या नकाशात, पाडलेली वास्तू पूर्ण न काढता ‘पाडलेली’ अशी नोंद करून ठेवता येते. नकाशा बघणाऱ्याला ती दिसत नाही, पण माहितीत राहते: इथे घर होतं, या दिवशी पाडलं. दुपारी पुसलेले सगळे परत आणले. एकेकाला तशी नोंद लावतेय. रात्र जाईल, जाऊ दे. यापेक्षा मोठं काही माझ्या हातात नाही, काढलेली रेषा मला मागे घेता येणार नाही.

शोशोचा चौकोन शेवटी ठेवलाय. त्यात तारखेची जागा रिकामी आहे. कोणत्या दिवशी, सकाळी की दुपारी, हे तिलाच विचारायला हवं. उद्या चपात्या लाटायला बसायच्या आधी तिला गाठते.