खडूवर उमटलेली रेघ

गणपती विसर्जनाला चार दिवस उरले होते. सकाळी साडेआठला कोल्हापूरजवळ शिरोलीत माझ्या गॅरेजसमोर एक टाटा 1613, म्हणजे मालट्रक, येऊन थांबली. हौद्याच्या फळ्यांत मागच्या हंगामातलं उसाचं पाचट अजून अडकलेलं होतं, त्यामुळे गाडी काय ओढते हे विचारायची गरज नव्हती.

मालक पस्तिशीतले, करवीर तालुक्यातले. गाडी 2006 सालची, त्यांच्या चुलत्यांनी नवी घेतलेली. ते चुलते म्हणजे आबा, आजही तीच चालवतात. दोघं उतरले ते भांडतच उतरले. मालकांनी हातातली वही माझ्यापुढं धरली.

"मिस्त्री, हिला दुरुस्त करून उभी करायची का देऊन दुसरी घ्यायची, एवढंच सांगा. उद्या एजंटला शब्द द्यायचाय."

"देतोस कशाला? इंजिन करून घेतलं की अजून दहा वर्षं बघायला नको," आबा म्हणाले.

घाई कशाची ते वहीत होतं. साखर कारखान्याशी ऊसतोडणी-वाहतुकीचा करार झाला होता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती आणि ती बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळीला देऊनही झाली होती. ऊस वाहतुकीत नसलेल्यांना यातलं ओझं कळायचं नाही. टोळी येऊन खोप्या घालते, कोयता चालू होतो आणि पहिल्या दिवसापासून फडात, म्हणजे उसाच्या शेतात, गाडी लागते. गाडी बंद पडली तर टोळी बसून राहते, नाहीतर निघून जाते, आणि उचलीचे सगळे पैसे वाहतूकदाराच्या अंगावर येतात. म्हणजे दिवाळीच्या आत या माणसाला चालणारी गाडी पाहिजेच होती.

एजंटची बोली अशी: जुनी गाडी सव्वातीन लाखांत धरायची, वर पावणेसहा लाख द्यायचे आणि 2016 चं मॉडेल घेऊन जायचं. त्यातले पाच लाख कर्जानं, चार वर्षांत फेडायचे.

मी आधी इंजिन बघितलं, कारण आबांचा जीव त्यातच होता. 697 इंजिन. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, म्हणून 697. या इंजिनावर माझ्या पिढीतले निम्मे मिस्त्री शिकले. ब्रीदरमधून धूर येत होता, डिपस्टिकच्या भोकातून ऑइल उडत होतं, तापल्यावर प्रेशर खाली बसत होतं. बोअर झिजले होते. मी कागदावर मांडलं: इंजिन 1,60,000, पंप आणि नोझल 25,000, क्लच-गिअरबॉक्स 30,000, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि ब्रेक 45,000, केबिनचं पत्राकाम आणि रंग 60,000, हौद्याचा तळ 70,000. टायर सोडून 3,90,000. आबांचा चेहरा खुलला. पावणेसहापेक्षा हे कमीच होतं.

इथं मला सगळ्या गाडीवाल्यांना एक सांगायचं आहे. जुना ट्रक उभा करायचा म्हटलं की बोलणं इंजिनापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. इंजिन बोलतं, धूर सोडतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडं. पण कोल्हापुरात इंजिन ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगपासून लाइन बोअरिंगपर्यंत सगळं होतं, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे ओतीव काम जाणणारी माणसं हाताशी आहेत. आठ-दहा दिवसांत इंजिन परत नव्यासारखं चालतं. चासीचं तसं नाही. गाडीचं वय चासी ठरवते.

म्हणून मी गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली.

ट्रकची चासी म्हणजे पुढून मागं गेलेल्या दोन लांब पट्ट्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या दुमडलेल्या. डांबरी रस्त्यावर भार असला तरी त्या सरळ वाकतात आणि सरळ होतात, ते त्यांना सोसतं. फडातून भरलेली गाडी बाहेर काढताना एक चाक पाण्याच्या पाटात असतं, एक बांधावर. तेव्हा चासीला पीळ बसतो. मालकांनी वजनकाट्याच्या पावत्या दाखवल्या होत्या. या गाडीचं एकूण पासिंग, म्हणजे गाडीसकट परवानगीचं वजन, 16.2 टन, म्हणजे माल साधारण दहा टन, आणि पावत्यांवर चौदा, पंधरा, एकदा तर सोळा टन निव्वळ ऊस. अठरा हंगाम. तो पीळ कुठंतरी जमा होतोच, आणि बहुतेक वेळा मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरपाशी, म्हणजे पाटा चासीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटपाशी होतो, जिथं रिव्हेटची भोकं आहेत.

नेमकी तिथंच दोन्ही बाजूंना चासीवर जोडाची पट्टी मारलेली होती.

"ही कधीची, आबा?"

"झाली की सात-आठ वर्षं. वाटेत एका ठिकाणी मारून घेतली. तेव्हापासून काही नाही."

पट्टीची टोकं काटकोनात कापलेली होती आणि वेल्डिंग खालच्या कडेवरून आडवं घेतलेलं होतं. ते पाहिल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. त्याचं कारण पुढं सांगतो.

वायर ब्रशनं मी तो भाग लख्ख घासला. कापडानं डिझेल लावलं आणि चहा होईपर्यंत मुरू दिलं. पूर्वी रॉकेल लावायचो, ते आता मिळत नाही. मग कोरड्या कापडानं पूर्ण पुसून घेतलं आणि वरून शाळेतला पांढरा खडू जाड घासला. ही रीत माझ्या वस्तादांनी दिलेली. तडा असेल तर त्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. मी पोराला हँगरच्या मागच्या बाजूला हातोडीनं हलकं ठोकायला सांगितलं.

आबा माझ्याशेजारी खड्ड्यात उतरले होते. आम्ही दोघं टॉर्च धरून त्या पांढऱ्या डागाकडं बघत होतो. मिनिटभर काही नाही. मग पट्टीच्या टोकापासून केसासारखी एक रेघ निघाली, खालच्या कडेवरून वळली आणि उभ्या भागात वर चढली. बोटभर नाही, वीतभर. दुसऱ्या बाजूला खडू लावला. तिथं थोडी लहान, पण होती.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले.

आता पोटात गोळा का आला ते. पंधरा वर्षांपूर्वी मी एका गाडीला अशीच पट्टी मारली होती. अशीच काटकोनात कापलेली, असंच आडवं वेल्डिंग. मालकाला घाई होती, आणि मी "होईल की" म्हणालो होतो. सव्वा वर्षानं ती गाडी रत्नागिरीहून माल घेऊन आंबा घाट चढत होती आणि पट्टीच्या कडेला चासी मोडली. गाडी डोंगराच्या अंगाला कलली म्हणून ड्रायव्हर वाचला. क्लीनरचा हात कोपराजवळ मोडला. मी त्याला दवाखान्यात बघायला गेलो होतो. एकोणीस वर्षांचा पोरगा. तो मला म्हणाला, "मिस्त्री, तुमची काय चूक?" चूक माझीच होती. चासीच्या वरच्या-खालच्या कडेवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथं आडवं वेल्डिंग घातलं की त्या उष्णतेनं लोखंडाचा गुण जातो, आणि पट्टी चौकोनी संपली की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. जुना तडा झाकला जातो आणि शेजारी नवा जन्मतो. बरोबर काम वेगळं असतं. तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायचा. पट्टीची टोकं निमुळती, तिरकी कापायची. भोकं रीमरनं मापात आणून घट्ट बसणारे बोल्ट लावायचे आणि कडेला वेल्डिंगचा थेंबही लागू द्यायचा नाही. तो पोरगा बरा झाल्यावर मी हे नीट शिकून घेतलं.

पण या गाडीत तसं करूनही उसासाठी ती उभी राहिली नसती. तडा वीतभर आणि दोन्ही बाजूंना. मी तसं स्पष्ट सांगितलं. 3,90,000 चं काम माझ्याच गॅरेजला येणार होतं आणि त्या महिन्यात मला त्याची गरजही होती. तरी "होईल की" हे शब्द मी पुन्हा तोंडातून काढणार नव्हतो.

मालक म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. दुसरी घेऊया."

"आधी दाखवा तरी."

दुपारी आम्ही तिघं उचगावच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर गेलो. 2016 ची गाडी, नवा रंग, चकचकीत केबिन, टायर ऐंशी टक्के. इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं. धुरासाठी युरियाचं पाणी भरायची भानगड नाही, सेन्सर कमी, आबांना जमेल अशी. चासीवर खडू लावला, कोरडी राहिली. मला बरं वाटलं. दिवस चांगला संपतोय असं वाटलं.

मग मी केबिनमधली मॅट उचलली. खालच्या पत्र्याचा रंग नवा होता, पण सीटच्या रुळांच्या खाचेत वाळलेली मळी होती, बारीक, राखाडी, बोटाला मैद्यासारखी लागणारी. फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, तांब्याची टोकं हिरवी पडली होती. मागच्या दिव्याच्या आत काचेवर आडवी रेघ. चासीच्या सी च्या आत, जिथं रंगाचा फवारा पोचत नाही, तिथं त्याच मळीचा थर.

कोल्हापुरात ही मळी कुणाला ओळखायला शिकवावी लागत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 मध्ये पुन्हा तसंच. दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. माझ्या गॅरेजात छातीएवढं पाणी होतं. उतरल्यावर मी आठवडाभर हीच मळी खरवडत होतो. ही गाडी कधीतरी केबिनपर्यंत पाण्यात होती. अशा गाडीची वायरिंग महिन्याला एका ठिकाणी मरते, आणि हंगामात रात्री दोनला फडात मरते.

एजंट म्हणाला, "गाडी सांगलीकडची आहे, पुराचा काय संबंध?" त्याच्याशी वाद घालत बसलो नाही. सांगलीत कृष्णा काय करते हेही आम्हाला ठाऊक होतं.

परत येताना तावडे हॉटेलपाशी चहाला थांबलो. मालकांचा आवाज चढला होता. "एक मोडकी, एक बुडालेली. मग मी करू काय, मिस्त्री? टोळी दारात यायलीय."

मी त्यांना दुसरा हिशेब मांडून दाखवला. तो कुणीच मांडला नव्हता. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला 12 वर्षांनंतर नॅशनल परमिट, म्हणजे राज्याबाहेर माल न्यायचा परवाना, मिळत नाही. जास्त अ‍ॅक्सल असले तर 15. त्यांना हंगाम संपल्यावर निपाणीकडं, म्हणजे कर्नाटकात, माल घालायचा होता. 2016 च्या गाडीची ती मुदत 2028 ला संपते. कर्ज चार वर्षांचं, म्हणजे शेवटचा हप्ता आणि परमिटचा शेवट एकाच वर्षी. जुन्या गाडीचं तर ते केव्हाच संपलं होतं. वर 2022 च्या एप्रिलमध्ये 15 वर्षांपुढच्या अवजड गाडीच्या फिटनेसची फी 12,500 झाली होती आणि ती तपासणी दरवर्षी. थर्ड पार्टी विमा तेव्हा 35,000 च्या वर होता. 3,90,000 च्या खाली हे सगळं लिहिलं की तो आकडा स्वस्त राहत नाही.

"निपाणीचं मनात धरू नका," मी म्हणालो. "फक्त ऊस आणि जिल्ह्यातला माल धरा. मग 2014-15 ची गाडीसुद्धा चालते, किंमत कमी बसते, कर्ज दोन वर्षांत फिटतं. पण अशी गाडी शोधा जिनं ऊस, वाळू, खडी ओढलेली नाही. आणि पैसे द्यायच्या आधी मला फोन करा."

आबा तोपर्यंत गप्पच होते. कपातला चहा तसाच होता. ते म्हणाले, "आणि हिचं?"

"हिला आता भार घालायचा नाही, आबा. रिकामीसुद्धा घाटात न्यायची नाही."

"मला आठ दिवस आधी कळलं असतं तर परवा मी तिच्यावर विटा घातल्या नसत्या." एवढंच बोलले आणि उठून गाडीकडं गेले.

सोळा दिवसांनी फोन आला. सातारा जिल्ह्यातल्या एका पिठाच्या गिरणीची 2015 ची गाडी. एवढ्या वर्षांत तिनं गहू आणि आटा याशिवाय काही वाहिलं नव्हतं. हौद्याच्या सांध्यात पीठ सापडलं. मी सगळीकडं खडू लावला, मॅट उचलली, दिवे उघडले. सौदा ठरला. त्यांनी जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली. आबा तिला तिथपर्यंत चालवत गेले, बरोबर कुणाला घेतलं नाही.

नव्या गाडीत जादा पाटा घालू का असं मालकांनी विचारलं. मी नको म्हणालो. पाटा वाढवला की भार वाढवायचा मोह होतो आणि हँगर तोच राहतो. ते बारा टनांवर थांबायला तयार झाले. तेही जास्तच आहे, मी तसं सांगितलं.

जाताना आबांनी माझ्या पेटीतले दोन खडू मागून घेतले.

परवा ती गाडी ग्रीसिंगला आली. खड्ड्यात उतरून वर बघितलं, तर मागच्या पाट्याच्या हँगरवर, दोन्ही बाजूंना, घासून लख्ख केलेल्या जागी खडूचा पांढरा डाग होता. मी टॉर्च धरला. डाग कोरडा होता.