शंभर स्पीकर आणि एक पायपेटी

सध्या सुट्टीत वेंगुर्ल्याला आले आहे आणि भेटेल तो विचारतो, "तिकडे गाणा शिकतंस काय गो?" मी बर्मिंगहॅम विद्यापीठात संगीतरचना आणि संगीत-तंत्रज्ञान शिकते. ध्वनिमुद्रित आवाजांतून रचना बांधायची, हा माझा विषय. आवाज तंबोऱ्याचा चालतो, बिजागरीचा चालतो, समुद्राचाही चालतो.

या वाटेची सुरुवात बरीच जुनी. १९४८मध्ये फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेरने आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले आणि वेग बदलून, एकच तुकडा पुन्हापुन्हा फिरवून त्यांची रचना केली. आपल्याकडेही १९६९मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आणून स्टुडिओ उभा केला होता. आपल्या कॉलेजांत याचा उल्लेख क्वचितच होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

सॉफ्टवेअर शिकवतात, पण ते हातात लवकर बसतं. खरा वेळ जातो ऐकण्यात. तीन सेकंदांचा एक आवाज लावायचा आणि त्यावर तास घालवायचा: आघात कसा आहे, मध्ये काय बदलतं, आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कुठे संपते. इथे आपल्याकडचा कान फार उपयोगी पडतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याइतका उतरा असतो. वर्गात हे आलेख काढून दाखवलं. तंबोऱ्यासमोर बसलेल्याला ते आलेखाआधीच ठाऊक असतं.

मला सगळ्यात आवडतं ते मैफलीचं काम. विद्यापीठात 'बीस्ट' नावाची ध्वनियंत्रणा आहे. जॉन्टी हॅरिसन यांनी ती १९८२मध्ये सुरू केली आणि आज तिच्यात शंभरच्या आसपास स्पीकर आहेत: समोर, मागे, बाजूंना, डोक्यावर. मंचावर गायक नाही, वादक नाही. रचनाकार श्रोत्यांच्या मधोमध बसतो आणि त्याच्यासमोर असते फेडरची, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खटक्यांची रांग. रचना आधीच मुद्रित झालेली असते, बऱ्याचदा फक्त दोन चॅनेलची, म्हणजे डावा आणि उजवा एवढीच. पण कुठला क्षण कुठल्या स्पीकरमधून, किती जोरात, किती दुरून यायचा, हे तो तिथल्या तिथे बोटांनी ठरवतो. सभागृह भरलेलं असेल तर आवाज वेगळा मुरतो, रिकामं असेल तर वेगळा घुमतो. तालमीतला हिशेब तसाच्या तसा चालत नाही.

पहिल्यांदा त्या फेडरवर हात ठेवले, तेव्हा मला आठवला तो दशावतारातला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतल्या लोकनाट्यातला, पेटीवाला. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात आणि संवाद रंगमंचावर सुचतात. पायपेटीवर पाय चालू, नजर नटाच्या पावलांवर. राजा कधी पद उचलणार आणि कुठल्या पट्टीत, हे त्याने श्वास घेतला की पेटीवाल्याला कळतं. पखवाजवाला आणि झांजवाला त्याच्या मागोमाग. जत्रेत रात्रभर हे ऐकत मी मोठी झाले. ज्याला इथे आपण नुसती 'साथ' म्हणतो, ते ऐन वेळी निर्णय घेण्याचं शास्त्र आहे. माझ्या मते आमच्या विषयातलं सगळ्यात अवघड कौशल्य तेच, आणि कोकणातल्या पेटीवाल्यांकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहे.

या वेळी आले आहे ती शेवटच्या प्रकल्पासाठी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या मासेमारीचे, आवाज घ्यायला. निवतीच्या किनाऱ्यावर पहाटे होडीतून अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन टोकांचे दोर दोन टोळ्या ओढतात. सुरुवातीला टोळ्या एकमेकींपासून लांब असतात. जाळं जवळ येतं तशा त्या सरकत सरकत एकत्र येतात. माझ्या रचनेचा आराखडा हाच. सभागृहाच्या दोन टोकांना दोन आवाज सुरू होतील आणि हळूहळू श्रोत्यांच्या पुढ्यात मिळतील. मध्ये पाण्याखालचा आवाज असेल. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेत ३४०. त्यामुळे पाण्याखाली आवाज दोन्ही कानांवर जवळजवळ एकदमच पोचतो आणि तो कुठल्या बाजूने आला, हे आपल्याला नीट कळत नाही. म्हणून तो भाग सगळ्या स्पीकरांतून एकदम सोडणार आहे.

"ह्यो आवाज घेवन तू काय करतलंस गो?" रापणीचे म्होरके तांडेलकाका, त्यांनी विचारलं. हेडफोन त्यांच्या कानाला लावले. ओल्या दोराची करकर ऐकून त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दुसऱ्या टोळीचाही दोर ऐकवायला सांगितला. माणसांचे आवाज घ्यायचे तर विद्यापीठाला त्यांची लेखी संमती लागते. मी तो कागद मराठीत लिहून वाचून दाखवला. कार्यक्रमपत्रिकेत रापणकरांची नावं माझ्या नावाच्या वर असतील, असं त्यांना सांगितलं आहे.

इथल्या कुणाला हा विषय शिकायचा असेल, तर महागड्या सामानासाठी थांबू नका. प्रवेशासाठी माझ्याकडून स्वतःच्या रचना मागितल्या होत्या. मोबाइलवर आवाज घ्या, ऑडॅसिटीत कापाजोडा, प्युअर डेटामध्ये स्वतःचं वाद्य बनवा. ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. आणि दशावताराला गेलात, तर पेटीवाल्याला विचारून त्याच्या बाजूला बसा.