डोहाळे म्हणून सोडून देऊ नका

सिडकोत आमच्या घराखाली सकाळी मिसळीची तर्री उकळायची आणि मी तिसऱ्या महिन्यात बाथरूमच्या फरशीवर बसलेली असायचे, पाणीसुद्धा पोटात टिकत नव्हतं, सात किलो वजन गेलं, दोनदा सलाईन लावलं. सगळे म्हणायचे, अगं डोहाळे असेच असतात, आलं चघळ. एका डॉक्टरांनी तर मनावर घेऊ नको म्हणून सांगितलं. ते वाक्य अजून टोचतं मला.

म्हणूनच हे लिहितेय. याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम म्हणतात आणि तो मनाचा खेळ नाहीये. अमेरिकेतल्या मार्लेना फेझो यांना स्वतःला हा त्रास झाला, १९९९ मध्ये त्यांचं बाळ गेलं, आणि त्या जनुकशास्त्रज्ञ असल्यामुळे कारण शोधत राहिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिलींच्या टीमसोबत त्यांचा शोधनिबंध 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. जीडीएफ१५ नावाचं हार्मोन गरोदरपणात वाढतं, बहुतेक बाळाकडून म्हणजे वारेतूनच येतं, आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्राला चेतवतं. जिच्या शरीरात ते आधीपासून कमी असतं, तिला ही वाढ झेपत नाही. उलट बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ते कायम जास्त असतं, त्या बायकांना मळमळ कमीच होते.

गरोदरपणाच्या आधीपासून हे हार्मोन थोडं थोडं वाढवून शरीराला सवय लावता येईल का, यावर आता काम चाललंय. माझ्या नणंदेला चौथा महिना आहे, तिची लघवी कमी झाली, म्हणजे अंगातलं पाणी घटतंय, तेव्हा मी दवाखान्यात न्यायला लगेच रिक्षा बोलावली, वाट बघितली नाही.