वेताळ टेकडीवरचे पिवळसर वॉर्बलर

गणपती विसर्जन आटोपून पाऊस ओसरू लागला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून छोटे वॉर्बलर येऊ लागतात. जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीचे, वरून हिरवट, खालून पिवळसर आणि एका फांदीवर क्षणभरही न टिकणारे हे पक्षी ओळखायला शिकताना रंगाचा विचार सर्वांत शेवटी करायचा, असे मी ठरवले. कारण गिरिपुष्पाच्या पानांतून झिरपणाऱ्या उन्हात पांढुरके पोटही पिवळे दिसते आणि ढगाळ सकाळी तेच राखाडी भासते.

त्यामुळे माझी दुर्बीण आधी पंखांवर जाते. मिटलेल्या पंखावर एक बारीक फिकट रेघ, डोळ्यावरून मागे गेलेली ठळक भुवई आणि फिकट खालची चोच एवढे जुळले की तो बहुधा ग्रीनिश वॉर्बलर असतो. मात्र पिसे झिजली की ही रेघ जवळजवळ पुसली जाते, म्हणून केवळ ती दिसली नाही एवढ्यावरून मी ग्रीनिश बाद करत नाही. त्याच्या 'चि-वी' अशा दुपदरी हाकेची वाट पाहतो. हा पक्षी हिवाळाभर आपली हद्द सांभाळतो आणि त्यासाठी सतत बोलत राहतो, ही शिकणाऱ्याची मोठीच सोय आहे.

पंखावर रेघ मुळीच नसलेले आणि खरोखरच पिवळे असे दोघे उरतात. टिकेल्स लीफ वॉर्बलरची भुवई, गळा आणि पोट लिंबू रंगाचे असते व तो बहुधा झुडपांत खालीच वावरतो. सल्फर-बेलीड वॉर्बलरची पाठ तपकिरी-राखाडी आणि भुवई डोळ्यापुढे गर्द पिवळी असते. पण मला तो पटला तो चालीवरून. खाणीच्या कातळाला चिकटून तो आडवा सरकत होता, प्रत्येक भेगेत चोच घालत होता आणि तिथून उडाला तोही थेट एका बुंध्यावर. पोटाचा रंग दिसण्याआधीच त्याचे नाव ठरले होते.

खरी कसोटी लागते ती कॉकेशस भागातून दक्षिणेकडे जाणाऱ्या ग्रीन वॉर्बलरशी गाठ पडली की. तो ग्रीनिशपेक्षा अधिक पिवळा असतो खरा, पण पुन्हा प्रश्न उन्हाचाच येतो. त्याची हाक पुष्कळदा तिपदरी असते. ती स्पष्ट ऐकू आली तरच मी नाव लिहितो, एरवी वहीत 'ग्रीन किंवा ग्रीनिश' अशी नोंद करून पुढे जातो.