वाटी रिकामी दिसली म्हणजे मांजर उपाशी आहे असं नाही

आमच्या घरात एक बोका आहे, नाव गुंड्या, आणि तो गेली चार वर्षं उपाशी आहे. म्हणजे त्याचं म्हणणं तसं आहे. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री दिवे बंद होईपर्यंत जो कोणी किचनकडे वळेल त्याच्या पायात येऊन असला काही केविलवाणा आवाज काढतो की परक्या माणसाला वाटावं, या घरात मुक्या जनावराचे हाल चाललेत. आणि वजन किती? तर मागच्या वर्षी लस द्यायला नेलं तेव्हा ६.३ किलो.

डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रोज किती देता?" मी म्हटलं, दोन वाट्या. "वाटी म्हणजे किती ग्राम?" आता हे कोणी मोजतं का? मी गप्प. मग त्यांनी माझा हात धरून गुंड्याच्या बरगड्यांवर ठेवला आणि म्हणाल्या, "लागतात का हाताला?" खरं सांगायचं तर मऊ मऊ लागत होतं सगळं, बरगडी काही सापडेना.

त्यांनी दाखवलेली युक्ती मला फार आवडली म्हणून सांगते. हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या वरच्या हाडांवरून फिरवून बघा, मांजराच्या बरगड्या तशा टोचल्या तर मांजर बारीक आहे. हात सरळ पसरून मागच्या बाजूने बोटं फिरवा, हाडं लागतात पण वर पातळ थर आहे, हे बरोबर. आणि तळहाताकडून चाचपल्यासारखं गुबगुबीत लागलं तर मांजर जाड आहे. गुंड्या तळहातवाला. पोटाखाली जी कातडीची पिशवी लोंबते ना चालताना, ती बघून ठरवू नका, ती बारीक मांजरांनाही असते. मी दोन वर्षं उलटं करत होते, सगळी चरबी "ती पिशवी आहे हो" म्हणून खपवत होते.

तर घरी आल्यावर किचनचा वजनकाटा काढला आणि आई, बाबा आणि मी, तिघांनी तीच एक वाटी आळीपाळीने "रोजच्यासारखी" भरायची असं ठरलं. माझी वाटी भरली २४ ग्राम. बाबांची २९. आईची शिगोशीग, ३८ ग्राम, आणि वर म्हणते कशी, "अगं आज जरा कमीच घेतलंय." वाटी एकच हं! मग अजून एक गोष्ट बाहेर आली. बाबा पहाटे सहाला उठून त्याला द्यायचे, आणि आठला आई उठली की हा साळसूदपणे वाटीपाशी बसून अशी काही नजर लावायचा की तिला वाटायचं अजून कोणी दिलंच नाहीये, मग ती द्यायची, आणि संध्याकाळची मी. म्हणजे दोन वाट्या नव्हत्याच, तीन होत्या. ९१ ग्राम! मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात पण आमचा तर डोळे उघडे ठेवून आम्हाला फसवत होता.

आता हे ९१ जास्त की कमी हे कसं कळणार, तर त्यासाठी कॅलरी बघाव्या लागतात. व्हेट लोक, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, एक सूत्र वापरतात, वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७०. घाबरू नका, साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं. मांजराचं वजन तीन वेळा एकमेकांशी गुणायचं, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं, आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणायचं. ५ किलोसाठी ५ गुणिले ५ गुणिले ५ म्हणजे १२५, त्याचं वर्गमूळ ११.१८, परत वर्गमूळ ३.३४, गुणिले ७० म्हणजे २३४. एवढ्या कॅलरी मांजर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागतात. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या मांजराला याच्या साधारण १.२ पट, वाढत्या पिल्लाला अडीच पट, आणि वजन कमी करायचं असेल तर ०.८ पट, पण तेव्हा आत्ताचं वजन न धरता जे असायला हवं ते धरायचं. गुंड्याचं असायला हवं ५ किलो, म्हणजे १८७ कॅलरी. आमच्या ड्राय फूडच्या पाकिटावर बारीक अक्षरात १०० ग्रामला ३८० कॅलरी लिहिलंय, म्हणजे तो खात होता जवळजवळ ३४६. जवळपास दुप्पट!

हे सूत्र काही काळ्या दगडावरची रेघ नाही, एकाच वजनाच्या दोन मांजरांत बराच फरक पडतो. सुरुवात कुठून करायची तेवढं ते सांगतं. पाकिटावरचा तक्ताही तसाच ढोबळ. त्यात मांजराचं आत्ताचं वजन बघून तेवढे ग्राम घातले की जाड मांजर जाडच राहतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

हे सगळं सुरू कुठून झालं याचा विचार केला तर मला वाटतं नसबंदीपासून. तेव्हा तो सहा महिन्यांचा होता, पिल्लांचं फूड खात होता, दिवसातून चार वेळा, आणि ते बरोबरच होतं. नसबंदीनंतर शरीराची गरज पाव हिश्श्याने तरी कमी होते आणि भूक मात्र वाढते, आणि आम्ही काय केलं तर भुकेचं ऐकलं. पिल्लांचं फूड जास्त कॅलरीवालं असतं, तेही वर्ष उलटून गेलं तरी चालूच होतं कारण "आवडीने खातो".

वरचं खाणं वेगळंच. १८७ चे दहा टक्के म्हणजे १८-१९ कॅलरी, ट्रीट म्हणून एवढंच चालतं. मी चीज खाताना त्याला एक तुकडा द्यायचे, २० ग्रामचा तुकडा म्हणजे ६० ते ८० कॅलरी. माणसाला काहीच वाटत नाही एवढ्याशा तुकड्याचं पण त्याच्या दिवसाचा तिसरा हिस्सा गेला की तिथे. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही, त्यातल्या लॅक्टोजने पोट बिघडतं.

आता महत्त्वाचं. माझी मावशी म्हणाली, "दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप उतरेल." हे अजिबात म्हणजे अजिबात करू नका. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते आणि मांजर जिवावर बेतण्याइतकं आजारी पडू शकतं. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, फार तर दोन टक्के उतरलं पाहिजे, म्हणजे गुंड्याच्या बाबतीत साठेक ग्राम. आम्ही ९१ वरून आधी ७५ वर आलो, मग ६०, मग पुढे, असे दोन-दोन आठवड्यांनी. आणि एखादं म्हातारं मांजर, दहा-बारा वर्षांचं, भरपूर खाऊनही बारीक होत असेल तर तिथे ग्राम वाढवत बसू नका, थायरॉइड किंवा किडनीचं काही असू शकतं, सरळ डॉक्टरकडे न्या.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर वेट फूडने, म्हणजे पाऊचमधल्या ओल्या खाण्याने. ड्राय फूडमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, वेटमध्ये ७५-८० टक्के, त्यामुळे कॅलरी तेवढ्याच ठेवल्या तरी वाटी भरलेली दिसते आणि पोटही भरतं. आमचा ८५ ग्रामचा पाऊच ६४ कॅलरीचा आहे. म्हणून आता हिशोब असा की दिवसाला एक पाऊच आणि ३२ ग्राम ड्राय. पाणीही जास्त जातं पोटात, जे मांजरांच्या बाबतीत बरंच असतं कारण ती स्वतःहून पाणी पिण्यात महाआळशी.

आणि दोन वेळा भरपेट देण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं. एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात, म्हणजे शिकार करून जगणारं मांजर दिवसभरात बरेच छोटे छोटे घासच खातं. पहाटे चारला अंगावर चढून उठवणं मात्र यानेही थांबेना. ते थांबलं टायमरवाल्या फीडरने, कारण आता तो मला न उठवता त्या मशीनपुढे जाऊन बसतो. (मशीनला शिव्या देतो. ऐकू येतात.)

घरच्यांना आवरायला मी एक छोटा डबा केला. सकाळी दिवसाचे ३२ ग्राम मोजून त्यातले थोडे फीडरमध्ये जातात, बाकीचे डब्यात. मग त्यातून कोणीही, कधीही, कितीही वेळा द्या, माझं काही म्हणणं नाही. डबा संपला की त्या दिवसाचं संपलं. भांडणं एकदम बंद झाली. आठ महिन्यांत गुंड्या ६.३ वरून ५.२ वर आला, सोफ्यावर एका उडीत चढायला लागला, बरगड्या हाताला लागतात.

गेल्या महिन्यात मात्र तीन आठवडे वजन हलेचना. मी ग्राम तपासले, पाऊच तपासला, काट्याचे सेल बदलले. मग एका रविवारी रात्री नऊला सहज डबा उघडून बघितला तर तो सकाळपेक्षा जास्त भरलेला. आई टीव्हीकडे बघत होती. गुंड्या आईकडे.