दशमी, छागळ आणि एक बाटली

दशमीच्या पिठात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, यावरून आत्यानं मला तिन्हीसांजेला दोनदा उठवलं. ज्वारीचं पीठ, कोमट दूध, चार दशम्यांना गूळ, चारांना मीठ. भाजल्या की एकावर एक रचायच्या नाहीत. धोतराच्या जुन्या पानावर सुट्या पसरायच्या आणि पुरत्या गार झाल्यावरच बांधायच्या. गरम बांधल्या की घाम धरतात, दुसऱ्या दिवशी वास मारतात. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. मला मात्र धपाटे पाहिजे होते. आत्या झोपल्यावर कांदा घालून सहा लाटले आणि डब्यात दडवून ठेवले. वय वर्षे त्रेचाळीस.

संत एकनाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून पंढरपूरला निघते. रात्रीचं जेवण दिंडीत असतंच. प्रश्न असतो तो दिवसाचा. मुक्काम सोडल्यापासून दुसरा गाठेपर्यंत आपल्या खांद्यावर जे असेल तेच आपलं. आणि तिथं खाण्यापेक्षा पाणी जड. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत मी पोरांना शिकवते. पण तीन लिटर खांद्यावर घेऊन दुपारचे दोन वाजले की ते नव्यानं समजतं. मी तीन बाटल्या घेतल्या होत्या. दोन साध्या पाण्याच्या आणि तिसरीत लिटराला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आत्याकडे आजोबांच्या काळातली छागळ. कॅनव्हासची ती पिशवी बाहेरून पाझरत राहते आणि वारं लागलं की आतलं पाणी गार पडतं. माझ्या बाटल्यांतलं पाणी दहा वाजेपर्यंत चहाला लावण्याजोगं व्हायचं. तरी दोन दिवस मी तिच्या छागळीला हसले, कारण तिच्या लुगड्याला एका बाजूनं कायम ओल असायची.

चनकवाडी, हादगाव, कुंडल पारगाव. कुठल्या गावात पिठलं होतं आणि कुठल्या गावात कुत्रं रात्रभर भुंकलं, ते आता सांगता यायचं नाही. ‘भानुदास एकनाथ’ एवढं एकच पायात बसलेलं. मृग लागून गेला होता, पण आभाळात काही नव्हतं.

रायमोह्याच्या वाटेवर सावली बघून बसलो. मी डबा उघडून धपाट्याचा तुकडा मोडला, तर आत्या नुसती बघत राहिली.

“आज काय हे, ठाव हाय का?”

योगिनी एकादशी. दिवस मोजायचेच सुटले होते. माझ्या डब्यात कांदा आणि तिच्या गाठोड्यात राजगिऱ्याचे लाडू, सुपारीएवढे. दोन मला दिले. तिसरा मागायची लाज वाटली आणि तिनंही दिला नाही. देवाच्या वाटेवर भूक लागली की माणूस आधी सोबतच्या माणसावर चिडतो. मी आत्यावर चिडले, मग दिंडीच्या टँकरवर. तो पुढच्या फाट्यावर थांबणार होता आणि फाट्यावर नव्हता. चालकाचा फोन लागत नव्हता. विणेकरी म्हणाले, “येईल माऊली.” नाही आला.

तीनच्या सुमारास डाव्या टाचेला फोड आला. मी मागं पडले. शेजारून एक म्हातारा चालत होता, हातात टाळ, टोपी घामानं पिवळी पडलेली. म्हणाला, “माय, घोटभर पाणी हाय का?”

मी म्हणाले, “संपलं बप्पा.”

पिशवीत साखर-मिठाची बाटली अर्धी होती. आम्ही बरोबरीनंच चाललो, आणि पावलागणिक ती पिशवीत वाजायला लागली. डुबुक, डुबुक. त्याचे टाळ थांबलेले, त्यामुळे जास्तच. मी पिशवी पोटाशी धरली तरी वाजायची थांबेना. त्यानं एकदा पिशवीकडं पाहिलं, एकदा समोर. मग टाळ वाजवत पुढं निघून गेला. ज्या नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड गाढवाच्या तोंडी रिकामी केली, त्यांच्याच पालखीत मी चालत होते. हाक मारावी म्हणून तोंड उघडलंही. पण मग टाचेत कळ आली आणि मनात आलं, पुढं अजून किती चालायचंय!

रस्त्याकडेच्या घरासमोर एक बाई उभी होती. दारात तीन निळे ड्रम, दोनांची झाकणं तारेनं बांधलेली. तिनं आधी गुळाचा खडा हातावर ठेवला, मग माठातला तांब्या दिला. गार पाणी. डोळे मिटून प्याले. दुसरा तांब्याही प्याले. मग बाटल्या पुढं केल्या.

“इथं बसून किती बी प्या ताई. भरून नगा नेऊ. मागून अजून लोक येतेत.”

मला रागच आला. दोन बाटल्यांनी काय होतंय? काही बोलले नाही. उठताना लंगडले, तर तिनं खाली बसवलं. आतून सुई आणली, काडी पेटवून टोक भाजलं, फोडातून दोरा ओवला आणि तसाच ठेवून दोन्हीकडं कापला. “उपसू नका, पाणी आपसूक निघतं.” वर खोबरेल. तिच्या हाताला उसाच्या पाचटाचे जुने काप होते. कोयत्यावरून कधी आलात म्हणून विचारलं. म्हणाली, पाडव्याच्या आधी, आन् आल्यापास्नं पाण्याचीच पाळी चालूय.

तांब्यात राहिलेलं पाणी तिनं टाकलं नाही. शेळीच्या टोपल्यात ओतलं. मी डब्यातले धपाटे काढले. आंबले होते. तेही शेळीपुढं ठेवले. तिनं हुंगून मान फिरवली.

रायमोह्याला टँकर आधीच येऊन उभा होता.

द्वादशीला बारस सोडली ती आत्याच्या दशमीवर. सहाव्या दिवशीची दशमी, कडक, दातात चावत नव्हती, पण वास अजून दुधाचाच. त्या दिवशी गारमाथ्याचा चढ. रथाला माणसं लागली, फुगड्या झाल्या, पोरं वर पोचल्यावर नाचली. मी बाटली पहाटेच तोंडोतोंड भरून घेतली होती, वाजू नये म्हणून. चढाला आणि उताराला पिवळी टोपी शोधली. दोनशे तरी पिवळ्या टोप्या होत्या.

पाटोद्याच्या अलीकडं पाणी मीच प्याले. गरम होतं.